पहिल्या रिळातली माणसं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवायचे. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी जरा बिचकतच विचारलं, 'स्मृतिव्याख्यानात सिनेमा?' मी म्हटलं, हो, सिनेमाच. तुमच्या-माझ्या पिढीने युद्ध पाहिलं कुठे? ठाण्याच्या 'मल्हार'मध्ये आणि 'वंदना'मध्ये, डोंबिवलीच्या 'टिळक'मध्ये. खंदक कसा असतो, रणगाडा कसा वळतो, जवान घरचं पत्र कसं वाचतो, हे सगळं आपल्याला पडद्याने शिकवलं. देशावर घाला आला की आपल्या डोक्यात जे चित्र उभं राहतं, ते सिनेमाने काढलेलं असतं. २२ एप्रिल २०२५ नंतर ते चित्र मला पुरेनासं झालं. का पुरेनासं झालं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

त्या दिवशी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. पंचवीस पर्यटक आणि एक स्थानिक घोडेवाला. धर्म विचारून, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत. त्यात महाराष्ट्रातले सहा होते, आणि सहांपैकी तिघे आपल्या डोंबिवलीचे. त्यांची नावं मी आज घेणार नाही. तुम्हाला ती पाठ आहेत. त्यांच्या घरच्यांना मात्र ती आणखी एकदा कुणाच्या तरी भाषणात, माईकवरून, ऐकावी लागू नयेत. २३ तारखेला डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर त्यांच्या अंत्यदर्शनाला जी गर्दी लोटली, तिच्यात तुमच्यातले किती जण होते ते मला विचारायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी गाव बंद होतं. बंद आपण पूर्वीही पाहिलेत, पण त्या बंदमध्ये कुणी कुणाला दुकान बंद कर म्हणून सांगायला गेलं नव्हतं, निदान आमच्या भागात तरी नाही.

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, माझा पुतण्या म्हणाला, 'काका, आपण 'उरी' पुन्हा बघू या.' आदित्य धर यांचा 'उरी', ११ जानेवारी २०१९ ला आलेला. मी तो तेव्हा ठाण्यात पाहिला होता. थिएटरमधली पोरं खुर्च्यांवर उभी राहून 'जोश'ची घोषणा देत होती आणि मीही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मी आज मागे घेत नाही. सिनेमा चांगला आहे. विकी कौशलचं काम चांगलं आहे, ध्वनी आणि पार्श्वसंगीत इतकं नेमकं की दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मग या वेळी काय झालं? सिनेमा तोच होता. घरात मात्र माझ्या हाताला टाळी वाजवता येईना. पुतण्याही गप्प होता. तो ज्या शाळेत जात होता, त्या शाळेच्या रस्त्यावरून त्याने अंत्ययात्रा जाताना पाहिली होती.

युद्धपटाची एक ठरलेली बांधणी असते. आधी घाला, मग तयारी, मग उत्तर. घाल्यात जी माणसं मरतात, त्यांना मी पहिल्या रिळातली माणसं म्हणतो. आता रिळं राहिली नाहीत. पण रीळ बदलायच्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारा तो ठिपका ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा शब्द परका वाटणार नाही. ही माणसं पडद्यावर किती वेळ असतात? एखादा विनोद, ताटातला घास, घरून आलेला फोन. प्रेक्षकाला त्यांची माया वाटावी, एवढाच वेळ त्यांना मिळतो. मग ती जातात, आणि त्यांच्या जाण्याच्या बळावर पुढचा सगळा सिनेमा चालतो. कथा त्यांच्यामुळे असते, पण त्यांची नसते.

'उरी'त हे दोनदा घडतं. सुरुवातीला मणिपूर, २०१५ सालचा जवानांच्या ताफ्यावरचा हल्ला. आणि मग खुद्द उरीचा तळ, १८ सप्टेंबर २०१६. खऱ्या उरीत, पहाटेच्या वेळी, तंबूंना आग लागली आणि झोपेतले जवान त्यात गेले. त्यांच्यात महाराष्ट्रातले चार होते. सातारा, नाशिक, अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांतले. सिनेमात त्यांची गावं येत नाहीत. सव्वादोन तासांत कुणाकुणाला जागा देणार? दिग्दर्शकाकडे माझी तक्रार नाही. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. इतकी वर्षं आपण पडद्यासमोर बसलो तेव्हा स्वतःला कुठे पाहत होतो? नायकाच्या जागी. हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या त्या मेजरच्या जागी. आपल्यापैकी कितीजण आयुष्यात हेलिकॉप्टरमधून उतरणार आहेत? मार्च-एप्रिलमध्ये मुलांची परीक्षा संपली की आपण वर्षभर साठवलेल्या रजा काढतो, ट्रॅव्हल एजंटकडे हप्ता भरतो, बायकोने करून दिलेल्या चिवड्याचे डबे बॅगेत भरतो आणि सहलीला जातो. युद्धपटात अशा माणसाची जागा पहिल्या रिळात असते. बैसरनने आपल्याला आपली खरी जागा दाखवली, आणि ती दिसल्यावर तोच सिनेमा निराळा दिसू लागला.

'उरी'तला एक प्रसंग तुम्हाला नक्की आठवत असेल. मेजर करण कश्यपचा अंत्यविधी. त्याची लहान मुलगी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ती रेजिमेंटची युद्धघोषणा देते. सगळे जवान तिला प्रत्युत्तर देतात. अशी घटना प्रत्यक्षात घडली आहे. जानेवारी २०१५ मध्ये कर्नल एम. एन. राय यांच्या अंत्यविधीला त्यांच्या मुलीने खरोखरच घोषणा दिली होती. २०१९ मध्ये त्या प्रसंगाने माझ्या अंगावर काटा आला, आणि काट्यापाठोपाठ बळ आलं. या वेळी तिथे मी रिमोटने चित्र थांबवलं. पडद्यावर ते पोर स्थिर झालं, आणि मला पहलगामनंतरचा तो आठवडा दिसायला लागला. ज्या मुलांनी बापाला पडताना पाहिलं होतं, त्यांच्यापुढे माईक आले. एकदा सांगून झालं की दुसरा माईक. नेमकं काय विचारलं, कुठे गोळी लागली, तुम्ही तेव्हा कुठे होतात. ती मुलं सांगत राहिली, नीट, न अडखळता, आणि आपण टीव्हीपुढे बसून म्हणालो, किती धीराची पोरं!

धीराची होतीच. पण मला विचारायचंय, आपल्याला त्यांच्याकडून धीरच का हवा होता? त्या मुलांनी काही सांगायला नकार दिला असता, उशीत तोंड खुपसून पडून राहिली असती, तर आपण त्यांच्याकडे पाहिलं असतं का? मला वाटतं, ही सवय आपल्याला पडद्याने लावली. दुःखी माणसाने पहिल्याच दिवशी आपल्याला बळ द्यावं, अशी आपली अपेक्षा झाली आहे. कर्नल राय यांच्या मुलीने ती घोषणा स्वतःहून दिली, ते तिचं आणि तिच्या वडिलांचं होतं. त्याचा साचा करून तो प्रत्येक लेकराला घालायचा, हे आपण थांबवलं पाहिजे.

मित्रहो, आपल्या मध्य रेल्वेच्या माणसांना पहिलं रीळ नवं नाही. १३ मार्च २००३. संध्याकाळची कर्जत लोकल, मुलुंड स्थानकात शिरताना महिलांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात स्फोट झाला. त्या डब्यात कोण होत्या? बँकेतून, मंत्रालयातून, शाळेतून घरी निघालेल्या बायका. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर. गाडीत बसून भाजी निवडणाऱ्या. त्यांच्यावर कुठला सिनेमा पाहिल्याचं आठवतं का तुम्हाला? मला नाही आठवत. मग २६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनस, रात्री साडेनऊच्या पुढे. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत, सामानाला टेकून बसलेली माणसं. तिथे ५८ जण गेले. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव आपण विसरलो नाही, विसरणारही नाही. त्याच रात्री या स्थानकात एक माणूस होता, उद्घोषक विष्णू झेंडे. हातात शस्त्र नाही, समोर फक्त माईक. गोळीबार चालू असताना ते जागचे हलले नाहीत, आणि कुठे जाऊ नका, कुठून बाहेर पडा, हे प्रवाशांना सांगत राहिले. उपनगरी गाड्यांच्या बाजूची किती माणसं त्या आवाजामुळे घरी पोचली असतील! आपण रोज ज्या आवाजावर चिडतो, गाडी उशिरा येत आहे म्हणून सांगणारा तो आवाज. पहिल्या रिळातल्या माणसाला वाचवायला पहिल्या रिळातलाच माणूस धावून आला होता.

यावरून आणखी एक सांगतो, विषयाच्या थोडं बाजूचं आहे. २६ जुलै २०१९, कारगिल विजय दिन. राज्य सरकारने त्या सकाळी महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तरुणांना 'उरी' फुकट दाखवला. इथलीही मुलं गेली होती. त्याच रात्री पाऊस कोसळला, उल्हास नदी फुगली, आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या रबरी होड्या रुळांवरून चालल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं तर सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली होती. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. सकाळी पडद्यावर गणवेश पाहिला, चोवीस तासांत तोच गणवेश आपल्या दाराशी होडी घेऊन उभा. या दुसऱ्या दिवसाची आठवण मला जास्त मोलाची वाटते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो वेळेचा आहे.

उरीचा हल्ला १८ सप्टेंबरला, आणि सर्जिकल स्ट्राइक २९ ला जाहीर झाला. अकरा दिवस. पुलवामा १४ फेब्रुवारी २०१९, बालाकोट २६ फेब्रुवारी. बारा दिवस. पहलगाम २२ एप्रिल, ऑपरेशन सिंदूर ७ मे. पंधरा दिवस. २८ जुलैला श्रीनगरजवळ ऑपरेशन महादेवमध्ये बैसरनचे मारेकरी मारले गेले. सत्याण्णव दिवस. ७ मेच्या पहाटे नऊ ठिकाणी हल्ले झाल्याची बातमी ऐकली तेव्हा मला बरं वाटलं. मनाला कुठेतरी आधार मिळाला. २८ जुलैला तर अधिकच. देशाला उत्तर द्यावं लागतं, आणि ते देणारा जवान आपला जीव पणाला लावतो. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय दुसरं काही नाही. पण देशाची वेळ आणि घराची वेळ एक नसते. देशाचा हिशेब पंधरा दिवसांत, सत्याण्णव दिवसांत पुरा होऊ शकतो. घराचा होतो का?

२८ जुलैच्या सकाळी त्या घरांत काय बदललं असेल? डबा एक कमीच भरायचा होता. बँकेत वारसाचे कागद द्यायचे होते. मृत्यूचा दाखला, त्याच्या दहा प्रती, प्रत्येक टेबलावर पुन्हा तीच तारीख, पुन्हा तेच कारण. गणपती आले, दिवाळी आली, फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे दरवर्षीसारखी तरुणाई जमली असेल, आणि त्या गर्दीचा आवाज खिडकीतून आत आला असेल. यातलं काहीही कुठल्याही युद्धपटात येत नाही. तिसरं रीळ संपतं, राष्ट्रध्वज फडकतो, दिवे लागतात, आपण गाडी काढायला पार्किंगमध्ये जातो. ज्याचं माणूस पहिल्या रिळात गेलं, त्याचा सिनेमा तर आत्ता सुरू झालेला असतो.

मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू असतानाच त्या नावाने सिनेमा काढण्यासाठी निर्मात्यांच्या संघटनांकडे अर्जांची रांग लागली. तुम्ही वाचलं असेल. मला त्याचा फार त्रास झाला. तेराव्याची भांडी घासून झाली नव्हती आणि इकडे शीर्षकासाठी चढाओढ. अजून ज्या आईच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, तिच्या दुःखाचं नाव नोंदवायची एवढी घाई कशासाठी?

'बॉर्डर'चीच गोष्ट घ्या. १३ जून १९९७ ला तो प्रदर्शित झाला. लोंगेवालाची लढाई, १९७१. त्याच दिवशी दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात 'बॉर्डर' चालू असताना आग लागली आणि ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. शुक्रवार, पहिला दिवस, मुलंबाळं घेऊन आलेली कुटुंबं. पडद्यावरचं युद्ध आपण जिंकलं. त्या ५९ जणांच्या घरच्यांनी मात्र पुढची दोन दशकं आणि त्याहून अधिक काळ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. 'बॉर्डर'मधले संवाद आपल्याला तोंडपाठ आहेत. त्या आईबापांची लढाई आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

तर मग, हे सगळं वाटत असताना मी काय पाहावं? युद्धपट पाहणंच सोडावं? नाही. मी मागे गेलो. १९६४ सालापर्यंत. चेतन आनंद यांचा 'हकीकत'.

'हकीकत' आपल्या पराभवाचा सिनेमा आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला, २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं, आणि मधल्या महिन्याभरात या देशाचं काय झालं ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून संरक्षण निधीला दिल्या होत्या. १८ नोव्हेंबरला रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांच्या तुकडीने शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली. त्या जवानांचे देह हिवाळा सरल्यावर सापडले, बर्फात, हातात शस्त्र तसंच. विचार करा, घरच्यांनी किती महिने वाट पाहिली असेल! आणि त्यावर उत्तर? काही नाही. अकराव्या दिवशी नाही, सत्याण्णवाव्या दिवशी नाही. तो हिशेब पुरा होण्यासारखा नव्हताच.

अशा देशात, दोन वर्षांनी, चेतन आनंद लडाखमध्ये जाऊन सिनेमा करतात. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंह कैरों यांनी पैशांची मदत केली, लष्कराने जवान दिले. बलराज साहनी, धर्मेंद्र, विजय आनंद, प्रिया राजवंश. मदनमोहन यांचं संगीत, कैफी आझमी यांची गीतं. आणि सिनेमात काय आहे? माघार. थंडीत, अपुऱ्या दारूगोळ्यासह, वरून आदेश येईल का याची वाट पाहत, एका चौकीवरून दुसऱ्या चौकीकडे येणारी दमलेली माणसं. त्यातलं ते जवानांचं गाणं घ्या, रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर यांनी मिळून गायलेलं. चौघांचा आवाज वेगळा, कारण चौघांच्या मनात चार वेगळी घरं आहेत. कुणी शत्रूबद्दल एक अक्षर बोलत नाही. आपण नाही आहोत हे घरी कसं कळेल, कळल्यावर ती काय करील, याचाच विचार प्रत्येकाच्या मनात चालू आहे. सिनेमा तिथे मिनिटंच्या मिनिटं थांबतो. गोळी थांबते, कथा थांबते, आणि आपण त्या माणसांजवळ बसतो.

मी म्हणालो ना, पहिल्या रिळातल्या माणसांना वेळ मिळत नाही? 'हकीकत'ने सगळा सिनेमाच त्यांना देऊन टाकला. अख्खी तुकडीच पहिल्या रिळातली आहे, आणि ती शेवटच्या रिळापर्यंत आपल्यासमोर राहते. शेवटच्या गाण्यात कॅमेरा त्या निश्चल देहांवरून फिरतो. १९६४ चा प्रेक्षक थिएटरबाहेर काय घेऊन पडला असेल? विजय तर नव्हता. मला वाटतं, त्याला रडायला चारचौघांत जागा मिळाली. घरोघरी, एकेकट्याने गिळलेलं दुःख काळोखात हजार माणसांनी एकत्र बसून मोकळं केलं. सिनेमाचं हे काम आपण विसरत चाललो आहोत. जूनमध्ये मी आणि पुतण्याने 'हकीकत' पाहिला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, कृष्णधवल सिनेमा, संथ लय. मला वाटलं, उठून जाईल. तो शेवटपर्यंत बसला, आणि नंतर पहिल्यांदा भागशाळा मैदानाबद्दल बोलला. तासभर बोलत होता.

आणखी एका सिनेमाबद्दल बोलायलाच हवं, तो आपल्या नाना पाटेकरांचा आहे. 'प्रहार', १९९१. मेजर चव्हाण कमांडो घडवतात. पीटर नावाचा एक जवान मुलांना वाचवताना पाय गमावतो, सैन्यातून मुंबईला परत येतो, आणि आपल्याच वस्तीत, हप्ता मागणाऱ्या गुंडांकडून मारला जातो. वस्ती खिडक्यांतून पाहत राहते. मेजर चव्हाण त्या गल्लीत येतात आणि प्रत्येक दाराशी एकच प्रश्न विचारत फिरतात. तुम्ही तेव्हा काय करत होतात? चित्रपटाचा शेवट मला पटत नाही. त्या शेवटातली हिंसा प्रश्नापासून पळ काढते असं माझं मत आहे. पण प्रश्न खरा आहे. युद्धपटाचा कॅमेरा असा सीमेवरून वळवून गल्लीत आणणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. सिनेमा पाहताना मी तो प्रश्न आपल्या गल्लीला विचारला. बंदच्या दिवशी आपण एक होतो. त्यानंतरच्या महिन्यात? त्या घरांच्या दारात गाड्यांची रांग होती ती थांबल्यावर किती जण गेले? पुढाऱ्यांचं सोडा. शेजारी, ऑफिसातले, डब्यातल्या ग्रुपमधले?

आणि त्या सव्विसाव्या माणसाबद्दलही विचारतो. घोडेवाल्याबद्दल. पर्यटकांना वाचवायच्या प्रयत्नात तो गेला, असं तिथून परतलेल्यांनीच सांगितलं. मारणारे त्याच्या धर्माचं नाव घेऊन मारत होते, आणि तो मरणाऱ्यांच्या बाजूला उभा राहिला. त्या दिवशी जखमींना पाठीवर घेऊन डोंगर उतरणारे काश्मिरी होते, भेदरलेल्या कुटुंबांना घरात घेणारे काश्मिरी होते. युद्धपटात दोन बाजू लागतात, मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसासाठी तिथे भूमिका लिहिलेली नसते. म्हणून आपल्या रागातही त्याला जागा सापडत नाही. मारेकऱ्यांविषयी माझ्या मनात तसूभरही दया नाही. पण या माणसाला वगळून जो कुणी पहलगामची कथा सांगेल, तो अपुरी सांगेल.

ठाणे जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो, कारण ते मला सिनेमातून मिळालं नसतं. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ ला गुरेझमध्ये हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी नोकरी सोडून सैन्याची निवड परीक्षा दिली, चेन्नईला प्रशिक्षण घेतलं आणि २०२० मध्ये त्या अधिकारी झाल्या. 'उरी'तही पती गमावलेली वैमानिक आहे, सीरत कौर. आपण तिला भेटतो तेव्हा ती गणवेशातच असते. मीरा रोडच्या घरातली मधली दोन वर्षं कुठे आहेत? लहान मूल घरी ठेवून मैदानावर धावायला निघालेली ती पहाट कोण दाखवणार?

आणि कल्याणकरांनो, तुमच्या शेजारी तर याहून मोठी गोष्ट उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी बांधली. बराकी, पाण्याच्या टाक्या, क्रमांक दिलेले कॅम्प. युद्ध संपलं, सैनिक गेले. आणि फाळणी झाल्यावर त्याच बराकींत सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली लाखभर माणसं येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाल्याला आपण 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असंच सांगतो. सैनिकांच्या घरात पहिल्या रिळातली माणसं राहायला आली, आणि त्यांनी पापड लाटून, गाडीत गोळ्या-बिस्किटं विकून, कापडाचे तागे खांद्यावर वाहून एक शहर उभं केलं. त्यांच्या दुःखाला कुठलंच उत्तर मिळालं नव्हतं, मिळणं शक्य नव्हतं. तरी त्यांची कथा पहिल्या रिळात संपली नाही. पाऊणशे वर्षं चालली आहे. ती दाखवणारा सिनेमा मला पाहायचा आहे.

आणि मला डोंबिवलीचा सिनेमा पाहायचा आहे. तो इथल्याच कुणी मुलाने किंवा मुलीने करावा, घाई न करता, दहा वर्षांनी केला तरी चालेल. तो २३ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू व्हावा आणि पुढे जावा. त्यात हेलिकॉप्टर नसलं तरी चालेल. बँकेतलं ते टेबल असावं, शाळेतली पालकसभा असावी, जिन्यात भेटल्यावर काय बोलावं हे न सुचणारा शेजारी असावा. घरच्यांनी नको म्हटलं तर तो होऊच नये, हेही आधीच सांगून ठेवतो.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांशी आणि वाचनालयातल्या मंडळींशी माझं बोलणं झालं आहे. मुलुंडचा डबा, सीएसटीची रात्र, महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि २०२५ चा एप्रिल, यातलं जे ज्याने अनुभवलं ते त्याने स्वतःच्या शब्दांत, त्याला हवं तेव्हा, हवं तेवढंच सांगावं, आणि वाचनालयाने ते जपून ठेवावं. कुणाच्याही दारात माईक घेऊन जायचं नाही, ज्याला यावंसं वाटेल तो येईल. ऐकून लिहून घेणारी, धीर असलेली माणसं हवी आहेत. तरुण असतील तर फार उत्तम. दुसरं, दर दोन महिन्यांनी एक युद्धपट एकत्र पाहायचा. पहिला 'हकीकत'. सिनेमा संपल्यावर भाषण होणार नाही, घोषणा होणार नाहीत. दिवे मंद ठेवू, ज्यांना बसायचं ते बसतील, ज्यांना बोलायचं ते बोलतील. दोन्ही कामांसाठी नावं दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत, फोन नंबर नीट वाचता येईल असा लिहा.